टीम ऑर्डर चुकते कुठे

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: फॉर्म्युला वनच्या २०२५ मधल्या मोंझा रेसमध्ये मॅक्लारेन टीमने ऑस्कर पियास्त्रीला दुसरी जागा सोडायला लावली आणि लँडो नॉरिसला पुढे जाऊ दिलं. ही प्रेक्षकांची फसवणूक नाही का? टीम ऑर्डरवर, म्हणजे टीमने ड्रायव्हरला दिलेल्या अशा आदेशांवर, सरळ बंदी का घालत नाहीत? एकाच रंगाच्या गाड्या चालवणारे दोघं एकमेकांच्या इतके मुळावर का उठतात? आणि आदेश न मानणाऱ्याला टीम शिक्षा का करत नाही?

मी रेस इंजिनिअर आहे. फॉर्म्युला वनमध्ये नाही, आपल्याकडच्या सिंगल सीटर मालिकांमध्ये; चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक आणि कोइम्बतूरचा कारी स्पीडवे ही माझी कामाची ठिकाणं. तिकडचा पैसा, तंत्र, वेग सगळंच आमच्या कितीतरी पट मोठं. पण रेडिओचं बटण दाबून जीव तोडून गाडी चालवणाऱ्या पोराला ‘मागे रहा’ म्हणायची वेळ येते तेव्हा पोटात येणारा गोळा दोन्हीकडे सारखाच असतो. माझं मत आधीच सांगतो: आदेश देणं गैर नाही. तो आधी ठरला होता का, दोघांना सारखाच माहीत होता का आणि टीमने तो उघडपणे आपल्या नावावर दिला का, एवढं बघावं. ज्या ऑर्डरींचे घाव वर्षानुवर्षं भरले नाहीत, त्या सगळ्या यातल्याच एखाद्या ठिकाणी चुकलेल्या होत्या.

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं त्यातून उलगडतं.

रेसिंगमध्ये गाडीचा वाटा फार मोठा असतो. मधल्या फळीतल्या टीमचा ड्रायव्हर बारावा आला, तर तो चांगलं चालवून बारावा आला की वाईट चालवून, हे स्टँडमध्ये बसून कळत नाही. दुसऱ्या टीमच्या ड्रायव्हरकडून हरला तर सांगायला कारणं असतात: त्यांचं इंजिन, त्यांची विंग, त्यांचं बजेट. टीममेटकडून हरला की कारणं संपली. गाडी तीच, इंजिन तेच, टायर तेच. पुढच्या वर्षीचं कंत्राट देताना टीमचे मालक सगळ्यात आधी हाच आकडा बघतात, की क्वालिफायिंगमध्ये, म्हणजे रेस कुठून सुरू करायची ते ठरवणाऱ्या फेरीत, हा टीममेटच्या किती पुढे होता किंवा किती मागे.

शिवाय टीमच्या आत काही लपत नाही. संध्याकाळी आम्ही दोघांच्या सगळ्यात वेगवान लॅपचा डेटा लॅपटॉपवर एकावर एक ठेवतो. कोणत्या वळणाला कोणी किती मीटर उशिरा ब्रेक मारला, कोणी ॲक्सिलरेटरवर पाय ठेवताना कचरला, कोणी स्टिअरिंग दोनदा सावरलं, सगळं रेषांमध्ये दिसतं. म्हणजे ज्याला हरवायचं आहे त्याला तुमची प्रत्येक युक्ती रोज संध्याकाळी आयती मिळते, आणि त्याची तुम्हाला. आमच्याकडे तर मागे वडील उभे असतात. कोल्हापूरच्या मोहिते ट्रॅकवर कार्टिंग करून पुढे आलेली, मुंबई-पुण्याकडची मुलं आमच्या मालिकांमध्ये दिसतात. बहुतेकांचा सीझनचा खर्च घरचेच उचलतात. दोघांच्या वडिलांनी सारखेच पैसे मोजलेले असतात आणि दोघंही त्याच स्क्रीनकडे बघत असतात. तीन दशांश सेकंद कुठे गेले, हा प्रश्न मुलाच्या आधी वडील विचारतात. त्या खोलीत उभं राहिलं की टीममेटमधली चुरस कुठून येते ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता गुणांचा हिशेब. फॉर्म्युला वनमध्ये पहिल्याला २५, दुसऱ्याला १८, तिसऱ्याला १५ गुण. टीमच्या विजेतेपदासाठी दोन्ही गाड्यांचे गुण एकत्र धरतात, आणि बक्षिसाच्या रकमेची वाटणी टीमच्या क्रमांकावर ठरते, ड्रायव्हरच्या नाही. तुमच्या दोन गाड्या पहिल्या आणि दुसऱ्या असतील तर टीमला ४३ गुण मिळणार, मग पुढे कोणीही असो. टीमच्या दृष्टीने अदलाबदलीची किंमत शून्य. ड्रायव्हरच्या दृष्टीने एकाचे सात गेले आणि दुसऱ्याला सात मिळाले, म्हणजे दोघांमधलं अंतर एका फटक्यात चौदाने हललं. बैलगाडा शर्यतीत जोडीतले बैल एका जूला असतात आणि घाट मारला की गुलाल दोघांवर पडतो. इथे जू एकच आहे, गुलाल मात्र एकावरच. पिट वॉलवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेला टीम जिथून आदेश देते तिथे, बसलेल्या माणसाला जी गोष्ट फुकट वाटते ती गाडीत बसलेल्याच्या आयुष्यातली सगळ्यात महाग गोष्ट असू शकते. टीम ऑर्डरचं सगळं दुखणं इथून सुरू होतं.

आणखी एक गोष्ट टीव्हीवर नीट कळत नाही. दोन गाड्या असल्या तरी फॉर्म्युला वनच्या टीमला पिटमध्ये, म्हणजे टायर बदलायला गाडी थांबते तिथे, जागा एकच आणि टायर बदलणारी मंडळीही एकच. दोघांना एकाच लॅपला बोलावलं तर मागच्याला थांबावं लागतं आणि त्याचे सेकंद जातात. त्यामुळे कोणाला आधी बोलवायचं हा निर्णय घ्यावाच लागतो. ज्याला आधी नवे टायर मिळतात तो पुढचे एक-दोन लॅप झपाट्याने मारतो आणि जुन्या टायरवर अडकलेला पुढचा ड्रायव्हर पिटमधून बाहेर येईपर्यंत त्याच्या पुढे निघून जातो. याला अंडरकट म्हणतात. म्हणून बहुतेक टीममध्ये अलिखित नियम असतो, की जो पुढे आहे त्याला आधी बोलवायचं. हा नियम मोडला, तर रेडिओवर एक शब्द न बोलता तुम्ही जागा बदलून टाकलेली असते.

२०२४ च्या हंगेरी रेसमध्ये नेमकं हेच झालं, आणि टीम ऑर्डर समजून घ्यायला त्याच्याइतकं चांगलं उदाहरण माझ्या बघण्यात नाही.

पोल, म्हणजे सगळ्यात पुढून सुरुवात करायची जागा, नॉरिसची होती. पहिल्याच वळणाला पियास्त्री पुढे गेला आणि तिथून रेस त्याच्या हातात होती. त्याने तोवर एकही ग्रां प्री, म्हणजे फॉर्म्युला वनची रेस, जिंकलेली नव्हती. मागे मर्सिडीजच्या लुइस हॅमिल्टनने ४० व्या लॅपला टायर बदलले. हंगारोरिंग हा अरुंद, वळणावळणांचा ट्रॅक, तिथे ओव्हरटेक करणं अवघड आणि नवे टायर फार मोलाचे. हॅमिल्टनकडून अंडरकट होऊ नये म्हणून मॅक्लारेनने ४५ व्या लॅपला गाडी आत घेतली, आणि ती घेतली मागच्या नॉरिसची. पियास्त्रीला बोलावलं ४७ व्या लॅपला. तो बाहेर आला तेव्हा नॉरिस पुढे गेलेला होता. टीमचा विचार असा, की मागच्याला वाचवणं गरजेचं आहे, पुढच्याला मोकळ्या ट्रॅकवर घाई नाही, आणि जागा नंतर पूर्ववत करता येतील.

नॉरिसचा इंजिनिअर विल जोसेफ त्याला सांगायला लागला, की तुला सोयीचं होईल तेव्हा क्रम पहिल्यासारखा कर. नॉरिस थांबेना. अंतर वाढत सहा सेकंदांच्या आसपास गेलं. त्याला सांगा मला येऊन गाठ, असं तो म्हणाला. त्याच्या जागी स्वतःला बसवून बघा: विजेतेपदाच्या शर्यतीत रेड बुलच्या मॅक्स फर्स्टापेनच्या मागे असलेला तो टीमचा एकटा ड्रायव्हर, गाडी पुढे, टायर चांगले, आणि पुढे जाण्यासाठी त्याने स्वतः कसलीही लबाडी केलेली नाही. त्याला टीमने आणून पुढे ठेवलं आणि आता टीमच परत मागे जायला सांगते आहे. जोसेफने त्याला दर रविवारी सकाळी होणाऱ्या बैठकांची आठवण करून दिली. विजेतेपद एकट्याने जिंकता येत नाही, तुला ऑस्करची गरज पडेल आणि टीमचीही, असंही तो म्हणाला. ७० पैकी ६८ व्या लॅपला सरळ रस्त्यावर नॉरिसने गाडी हळू केली आणि पियास्त्री आपली पहिली ग्रां प्री जिंकला.

त्या दिवशी पुष्कळ लोक नॉरिसवर चिडले. मी आजही म्हणतो, की त्या पोराने त्या अवस्थेत जागा परत दिली हे मोठं काम होतं. चूक पिट वॉलची होती. जागा परत करता येईल असं गृहीत धरून त्यांनी ती आधी हलवली आणि मग परत करायचं ओझं ड्रायव्हरच्या डोक्यावर ठेवलं. ४५ व्या लॅपलाच पियास्त्रीला आधी आणि पुढच्या लॅपला नॉरिसला बोलावलं असतं तर हे रेडिओनाट्य झालंच नसतं. पण जोसेफचं बोलणं मात्र शिकण्यासारखं आहे. त्याने धमकी दिली नाही, खोटं बोलला नाही, ‘इंजिन सांभाळ’ अशी काही थाप मारली नाही. आधी ठरलेल्या गोष्टीची आठवण दिली, पुन्हापुन्हा दिली. आधी काही ठरलेलं होतं म्हणूनच त्याला ती देता आली.

त्या सात गुणांनी नॉरिसचं काही बिघडलं नाही. वर्षाअखेर तो फर्स्टापेनच्या ६३ गुणांनी मागे राहिला. मॅक्लारेनने मात्र १९९८ नंतर पहिल्यांदाच टीमचं विजेतेपद मिळवलं आणि तेही फेरारीपेक्षा फक्त १४ गुण जास्त घेऊन. दोघं एकमेकांवर आदळून दोन-तीन रेस वाया घालवत बसले असते तर ते हुकलंच असतं.

आता तुमची मोंझा. नॉरिस दुसरा, पियास्त्री तिसरा, फर्स्टापेन खूप पुढे. शेवटी शेवटी टायर बदलायचे होते आणि मागून फेरारीच्या शार्ल लक्लेअरचा धोका होता, म्हणून या वेळीही मागच्याला, म्हणजे पियास्त्रीला आधी आत घेतलं. नॉरिसने याला होकार दिला तो एका अटीवर, की याने अंडरकट होणार नाही. पुढच्या लॅपला नॉरिस आत आला आणि पुढचं डावं चाक अडलं. साधारण दोन-अडीच सेकंदांत होणाऱ्या कामाला जवळपास सहा सेकंद लागले. बाहेर येईपर्यंत पियास्त्री पुढे. टीमने जागा परत द्यायला सांगितली. पियास्त्रीने विचारलं, की पिट स्टॉप लांबणं हा रेसचाच भाग असं आपलं ठरलं होतं ना, मग बदललं काय? विचारलं आणि तरीही जागा दिली.

इथे माझं मत टीमच्या बाजूने आहे, जरा हातचं राखून. पियास्त्रीला आधी बोलावलं ते वचनाच्या भरवशावर. ते वचन नसतं तर नॉरिस आधी आत गेला असता, आणि त्याचं चाक अडलं तर अडलं, ते त्याचं नशीब. वचन देऊन क्रम उलटा केल्यावर त्याचा तोटा ज्याने सवलत दिली त्याच्याच माथी मारणं बरोबर नाही. पण पियास्त्रीची तक्रारही खरी होती. लांबलेल्या पिट स्टॉपचं काय करायचं हे दोघांच्या मनात वेगवेगळं होतं, याचा अर्थ सकाळच्या बैठकीत ते पुरेसं स्पष्ट झालेलं नव्हतं.

पुढचा हिशेब बघा. त्या वेळी विजेतेपदात पियास्त्री आघाडीवर होता. त्या अदलाबदलीने नॉरिसला १५ ऐवजी १८ गुण मिळाले. वर्ष संपलं तेव्हा नॉरिस ४२३, फर्स्टापेन ४२१, पियास्त्री ४१०. ते तीन गुण काढले तर नॉरिस ४२० वर येतो आणि एका गुणाने विजेतेपद हुकतं. नंतरच्या रेस वेगळ्या झाल्या असत्या हे मान्य, हा काही पुरावा नाही. पण सप्टेंबरच्या एका दुपारी दुसऱ्या-तिसऱ्या जागेवरून ‘कशाला एवढा बाऊ’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरूर बघावा. उलट उदाहरणही आहे. २०१० मध्ये हॉकेनहाइमला फेरारीच्या फेर्नांदो अलोन्सोला टीममेट फेलिपे मासाने जागा सोडली, सात गुण जास्त मिळाले, आणि वर्षाअखेर तो सेबास्टियन वेटेलपेक्षा चार गुणांनी मागे पडला. एवढी बदनामी पत्करली आणि हाती काही लागलं नाही.

बंदीच्या प्रश्नाचं उत्तर याच हॉकेनहाइममध्ये आहे, पण त्याआधी २००२ ची ऑस्ट्रियाची रेस. फेरारीचा रुबेन्स बॅरिकेलो शर्यतभर पुढे होता. अंतिम रेषा समोर दिसत असताना त्याने गाडी हळू केली आणि मिखाएल शूमाखर ०.१८२ सेकंदाने जिंकला. हंगामातली ती सहावी रेस. शूमाखरने आधीच्या पाचांपैकी चार जिंकलेल्या होत्या, आणि त्या वर्षीचं विजेतेपद त्याने जुलैमध्येच पक्कं केलं. म्हणजे आदेशाची गरजच नव्हती. लोकांनी हुर्यो उडवली, शूमाखरने पोडियमच्या वरच्या पायरीवर बॅरिकेलोला ढकललं, आणि फेरारीला दहा लाख डॉलरचा दंड झाला. तोही टीम ऑर्डरसाठी नाही, पोडियमचा शिष्टाचार मोडल्याबद्दल, कारण टीम ऑर्डरविरुद्ध नियमच नव्हता. मग २००३ पासून निकालावर परिणाम करणाऱ्या टीम ऑर्डरवर बंदी आली.

त्यातून काय निष्पन्न झालं? २००७ मध्ये ब्राझीलला फेलिपे मासा पुढे होता, दुसऱ्या पिट स्टॉपनंतर त्याचा टीममेट किमी रायकोनेन पुढे आला आणि एका गुणाने विश्वविजेता झाला. २००८ मध्ये हॉकेनहाइमला हेइक्की कोवालायनेनने तेव्हाचा मॅक्लारेनमधला टीममेट हॅमिल्टनला सहज जाऊ दिलं. दोन्ही वेळा कोणाला शिक्षा झाली नाही, कारण पिट स्टॉपची वेळ आणि टीममेटचा समजूतदारपणा कोर्टात सिद्ध करता येत नाही. आणि याच बंदीच्या काळात, २००८ च्या सिंगापूर रेसमध्ये, तेव्हा रेनॉमध्ये असलेल्या अलोन्सोचा फायदा व्हावा म्हणून टीमने त्याचा टीममेट नेल्सन पिके ज्युनियरला मुद्दाम भिंतीवर आदळायला लावलं. त्याला मी टीम ऑर्डर म्हणणारच नाही. तो ड्रायव्हरच्या, मार्शलच्या आणि प्रेक्षकांच्या जिवाशी खेळ होता.

२५ जुलै २०१० ला हॉकेनहाइमला मासा पुढे होता. बरोबर एक वर्षापूर्वी त्याच तारखेला हंगेरीत दुसऱ्या गाडीची स्प्रिंग उडून त्याच्या हेल्मेटवर आदळली होती आणि तो मरता मरता वाचला होता. त्या अपघातानंतरचा पहिला विजय समोर दिसत असताना त्याचा इंजिनिअर रॉब स्मेडली रेडिओवर शब्द मोजत म्हणाला: ‘फेर्नांदो तुझ्यापेक्षा वेगात आहे. संदेश समजला का ते सांग.’ मासाने ॲक्सिलरेटर सोडला. त्यानंतर स्मेडलीने त्याला सॉरी म्हटलं. मला त्या रेसमधलं सगळ्यात बोचणारं काय असेल तर ते सॉरी. बंदी असल्यामुळे टीमला उघड आदेश देता येत नव्हता, म्हणून तो माहितीच्या वेषात पाठवला, आणि तो उच्चारायचं काम मासाच्या सगळ्यात जवळच्या माणसावर टाकलं. फेरारीला एक लाख डॉलर दंड झाला, पुढे काही नाही. २०११ पासून बंदी उठवली. मासा त्यानंतर कधीच ग्रां प्री जिंकला नाही. २००८ चा ब्राझीलचा विजय हाच त्याचा शेवटचा ठरला.

म्हणून बंदी नको. बंदी असताना आदेश थांबले नाहीत, फक्त सांकेतिक झाले. प्रेक्षकांची फसवणूक होते ती आदेशाने होत नाही, आदेश दिलाच नाही असं म्हणण्याने होते. आज टीम रेडिओवरचं बोलणं टीव्हीवर ऐकू येतं, मोंझाला पियास्त्रीची तक्रार सगळ्या जगाने ऐकली. मला हा मोठा सुधार वाटतो.

पूर्वी रेडिओ नव्हते तेव्हा पिटच्या फळीवर लिहून दाखवत. १९८२ मध्ये इमोलाला फेरारीचे जिल विलनव आणि दिदिए पिरोनी पहिल्या दोन जागांवर होते, समोरच्या रेनॉच्या गाड्या बाद झालेल्या, आणि फेरारीने फळी दाखवली: ‘स्लो’. विलनवला वाटलं, जागा आहेत तशा ठेवायच्या. पिरोनीने अर्थ घेतला, गाडी सांभाळा, एवढंच. शेवटच्या लॅपला पिरोनी पुढे गेला आणि जिंकला. विलनवने त्याच्याशी बोलणं टाकलं. तेरा दिवसांनी, ८ मे ला, झोल्डरला क्वालिफायिंगमध्ये विलनवचा अपघाती मृत्यू झाला. त्या अपघाताचं कारण इमोला होतं असं मी म्हणणार नाही, एखादा मेलेला माणूस काय विचार करत होता हे कोणी सांगू नये. पण एका शब्दाचे दोन अर्थ निघाले आणि ते मिटवायला दोघांना वेळ मिळाला नाही, हे खरं आहे. मी माझ्या ड्रायव्हरला आदेश देतो तेव्हा समोरच्याचं नाव आणि जागेचा आकडा सांगतो, आणि त्याच्याकडून तेच शब्द परत म्हणवून घेतो.

आता शेवटचा प्रश्न: न मानणाऱ्याला शिक्षा का नाही? २०१३ च्या मलेशिया रेसमध्ये रेड बुलने ‘मल्टी २१’ असा संदेश दिला, म्हणजे दोन नंबरची मार्क वेबरची गाडी पुढे, एक नंबरची वेटेलची मागे. वेबरने इंजिनची ताकद कमी केलेली, वेटेल आदेश धुडकावून त्याच्या पुढे गेला आणि जिंकला. रेसनंतर माफी मागितली. पुढच्या चीनच्या रेसवेळी मात्र म्हणाला, की पुन्हा तशी वेळ आली तर बहुधा तेच करेन. लोक फक्त तो दिवस बघतात. पण या दोघांचा हिशेब जुना होता. २०१० मध्ये इस्तंबूलला दोघं आदळले. त्याच वर्षी सिल्वरस्टोनला नव्या प्रकारची एकच पुढची विंग उरली होती, ती वेबरच्या गाडीची काढून वेटेलला दिली. वेबर रेस जिंकून रेडिओवर म्हणाला, दोन नंबरच्या ड्रायव्हरच्या मानाने वाईट नाही. २०११ ला सिल्वरस्टोनलाच वेबरने मागे राहण्याचा आदेश उघडपणे मोडला. २०१२ ला ब्राझीलला, वेटेलचं विजेतेपद टांगणीला लागलेलं असताना, त्याने सुरुवातीला वेटेलला भिंतीकडे दाबलं. प्रत्येकाकडे दुसऱ्याने केलेल्या अन्यायाची यादी तयार होती आणि टीमने एकदाही ती दोघांसमोर ठेवून निकाली काढली नव्हती. मलेशियात वेटेलला कोणत्या तोंडाने शिक्षा करणार? त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर वेटेलने चौथं विजेतेपद पक्कं केलं, वेबरची गाडी त्या दिवशी अल्टरनेटर जाऊन थांबली, आणि हंगाम संपल्यावर वेबरने फॉर्म्युला वन सोडलं.

२०२२ ला ब्राझीलमध्ये फर्स्टापेनने टीममेट सर्जिओ पेरेझला सहावी जागा परत द्यायला साफ नकार दिला. तो आधीच विश्वविजेता झालेला, त्याला त्या दोन गुणांचा काडीचा उपयोग नव्हता. पेरेझ वर्षाच्या गुणांमध्ये दुसऱ्या क्रमांकासाठी लक्लेअरशी झुंजत होता. रेडिओवर फर्स्टापेन म्हणाला, की हे मी मागेच सांगितलं आहे, पुन्हा विचारू नका. पेरेझ शेवटी ३०५ वर थांबला, लक्लेअर ३०८. ते दोन गुण मिळूनही तो तिसराच राहिला असता. तरी मला तो नकार खटकतो, कारण पेरेझने त्याच रेसमध्ये थोडं आधी त्याला विनातक्रार पुढे जाऊ दिलं होतं. कारवाई अर्थातच झाली नाही. ज्याच्यावाचून टीम जिंकत नाही त्याच्यावर टीमचा आदेश चालत नाही, हे या खेळातलं कडू सत्य आहे आणि ते मान्य करूनच नियम ठरवावे लागतात.

मग दोघांना मोकळंच का सोडू नये? मर्सिडीजने ते बऱ्याच अंशी केलं. २०१४ ला बहरीनमध्ये हॅमिल्टन आणि निको रोझबर्ग यांची झुंज मी पाहिलेल्या सर्वोत्तम रेसपैकी एक. त्याच वर्षी स्पाला दुसऱ्या लॅपला रोझबर्गची विंग हॅमिल्टनच्या टायरला लागली, २०१६ ला बार्सेलोनात पहिल्याच लॅपला दोघंही बाहेर, आणि ऑस्ट्रियात शेवटच्या लॅपला पुन्हा धडक. त्यांना हे परवडलं, कारण त्यांची गाडी बाकीच्यांपेक्षा कितीतरी वेगवान होती. २०१७ मधल्या फोर्स इंडियाला, आपल्या तिरंग्याखाली धावणाऱ्या टीमला, ते परवडणारं नव्हतं. बाकूला पुढच्या गाड्या एकामागून एक अडचणीत येत होत्या, पोडियम हाताशी होतं, आणि पेरेझ आणि एस्तेबान ओकों एकमेकांवर आदळले. तिसरा आला विल्यम्सचा लान्स स्ट्रोल. स्पाला एकाच रेसमध्ये दोघांची दोनदा टक्कर झाली, तेव्हा कुठे टीमने मोकळीक काढून घेतली. टीम त्या वर्षी चौथी आली, पण बाकूचं ते पोडियम परत मिळालं नाही. मला विचाराल तर तो निर्णय बाकूनंतर लगेच व्हायला हवा होता.

माझ्या टीमपुरतं सांगायचं तर आमच्या रेस लहान, पिट स्टॉप नसतातच, त्यामुळे आमचे नियमही थोडे आहेत आणि ते शनिवारी सकाळी दोन्ही मुलांना आणि दोन्ही वडिलांना एकत्र बसवून सांगतो. पहिले दोन लॅप टीममेटवर वळणाच्या आतून उडी मारायची नाही. त्यानंतर मोकळं, पण शेजारच्याला एका गाडीची जागा सोडायची. क्वालिफायिंगमध्ये लांब सरळ रस्त्यावर पुढच्या गाडीच्या मागे चिकटून वेग मिळवता येतो. तो फायदा एका रेसला एकाने द्यायचा, पुढच्या रेसला दुसऱ्याने. मालिका संपत आली आणि एकालाच विजेतेपदाची संधी उरली, तर दुसरा त्याला मदत करेल, आणि ती गणितं कोणत्या रेसनंतर करायची ते सीझन सुरू होण्याआधीच ठरवतो. कोणी नियम मोडला तर आरडाओरडा करत नाही, मोडणारा मुलगा जास्त वेगवान असला तरी. पुढच्या क्वालिफायिंगला पुढे राहून फायदा द्यायची पाळी त्याची, आणि त्याच्या पुढच्यालाही त्याचीच. हे त्याला आधीपासून माहीत असतं, त्याच्या वडिलांनाही.